२५ हजाराच्या मर्यादेत मटणाच्या पंगती कशा बसल्या?

आमची ९ सदस्यांची ग्रामपंचायत, आमच्या निवडणुकीत सदस्याला खर्चाची मर्यादा २५ हजार होती. समोरच्या पार्टीने शेवटचे चार दिवस शेतात रोज मटण, बाटल्या, गाड्यांना पेट्रोल, सगळं केलं आणि हिशोबात दाखवले ११ हजार, त्यातले पण निम्मे बॅनरचे. मी पडलो ते जाऊ द्या, पण हे कोणी तपासतं की नाही?

> तपासतात ना, पण कागद आला का एवढंच. निकालानंतर ३० दिवसात हिशोब दिला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ ब खाली जिल्हाधिकारी ५ वर्षं अपात्र करू शकतात. आमच्याकडे एका ताईंनी चहा सोडून काही खर्च केला नव्हता, हिशोब द्यायचा राहिला आणि नोटीस त्यांनाच आली. लाखो उडवणारा मात्र वेळेत फाईल देऊन मोकळा, कारण त्याच्याकडे लिहून देणारा माणूस असतो

> मटणाचं बिल उमेदवाराच्या नावावर कधीच नसतं भाऊ, ते मेव्हण्याच्या पोराच्या जावळाचं असतं 😀 तक्रार करायची तर तेव्हाच, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी, व्हिडिओ जोडून, आणि पोच घ्यायची. आता निकालानंतर कोण साक्ष देणार

> व्हिडिओ आहे हो माझ्याकडे. पण त्यात पहिल्याच पंगतीला आमचे चुलते बसलेत, रस्सा ओरपत.