मों ब्लांच्या फेरीला ४० लिटरची सॅक? मला मान्य नाही

पायवाट
पहिल्यांदाच आल्प्सला, मों ब्लांच्या फेरीला (त्या डोंगराभोवती फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंडमधून जाणारी पायी वाट) निघालेल्या एका मुलीने काल विचारलं, दिवसभर पाठीवर किती लिटरची सॅक असावी? त्यावर उत्तर आलं, "४०च्या खाली बघूच नका, आल्प्स म्हणजे सिंहगड नव्हे." वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

तिने स्पष्ट लिहिलं होतं की मोठी बॅग रोज गाडीने पुढच्या मुक्कामी जाणार आहे. मग पाठीवर उरतं काय? पावसाचं जॅकेट आणि पँट, एक उबदार फ्लीस जॅकेट, टोपी, हातमोजे, दोन लिटर पाणी, दुपारचं खाणं, औषधं, पासपोर्ट, पॉवर बँक. एवढं २५ ते २८ लिटरमध्ये आरामात बसतं. फेरी आहे १७० किलोमीटरच्या आसपास आणि एकूण चढ साधारण १० हजार मीटर, म्हणजे कळसूबाईची उंची सहा वेळा. आमच्यातल्या एकीने ४०ची नेली होती. जागा दिसली की माणूस भरतोच! जास्तीचे बूट, जीन्स, जाड टॉवेल, सगळं आत. शेवटच्या दिवशी ब्रेव्हां शिखरावरून लेझूश गावाला दीड हजार मीटरचा उतार आहे. तिथे तिचा गुडघा गेला, आणि आजही ती जिना धरून उतरते.

घाटमाथा
ते उत्तर माझं होतं आणि मी ते मागे घेत नाही. गाडी रोज पोचते हे तुम्हाला कुणी सांगितलं? क्रोआ द्यु बोनोमच्या झोपडीपर्यंत (डोंगरातल्या मुक्कामाच्या घराला झोपडी म्हणतात) रस्ता नाही, बोनातीच्या झोपडीपर्यंतही नाही. त्या रात्री झोपायचं लायनर (पातळ कापडी पिशवी), कोरडे कपडे, चार्जर, साबण सगळं तुमच्याच पाठीवर. आम्ही जूनअखेरीला गेलो तेव्हा कोल दे फूर खिंडीत चांगला बर्फ होता. आमच्यातला एक जण २० लिटरची छोटी सॅक घेऊन आला होता. जागा नाही म्हणून फ्लीस बाहेर बांधलेलं, ते पावसात भिजलं. खिंडीत पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे. हजार मीटर चढलं की सहा-एक अंश कमी होतात, वर वारा. माझं जास्तीचं जॅकेट त्याला दिलं, आणि ते माझ्याकडे होतं कारण माझी सॅक मोठी होती.

पायवाट
तुमचा मित्र २० घेऊन गेला. मी २८ म्हणतेय. २० आणि ४० यांच्यामध्ये काही नसतंच का?

खाऊचा डबा
तुम्ही दोघं खाण्याचा हिशोबच धरत नाही आहात. आम्ही घरातले पाच जण, सगळे शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. बुकिंग करताना कळवलं होतं, तरी एका मुक्कामी समोर ऑम्लेटच आलं. थेपले, चिवडा, मेतकूट, दाण्याची चटणी मिळून सात-आठ लिटर जागा गेली, आणि त्याच्यावरच सासूबाईंनी फेरी पूर्ण केली. तेव्हा ३५ तरी हवीच.

घाटमाथा
हेच मला पटत नाही. युरोपात जायचं आणि बारा दिवसांचं घर पाठीवर वाहायचं. वाटेतल्या कुर्मायर गावात ब्रेड, टोमॅटो, चीज सगळं मिळतं. सांगितलं तर झोपडीवाले दुपारची शिदोरीही बांधून देतात.

खाऊचा डबा
दुसऱ्याच्या ताटात डोकावू नका. बासष्टाव्या वर्षी बाई १० दिवस चालल्या, एकादशीचा उपास धरून, राजगिऱ्याच्या लाडवावर. त्यांना काय चीज-ब्रेड दाखवता? त्यांचं सामान मी वाहिलं. तुमच्या पाठीवर नव्हतं.

काठीवाला
भांडण राहू द्या, एक कामाचं सांगतो. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, खवा, पनीर घरीच ठेवा. थेपल्यांना अडचण नाही. पण पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतेच न्या, पुढचे मोठ्या बॅगेत घालून गाडीने पाठवा. पाठीवर बारा दिवसांचं कशाला?

खाऊचा डबा
गाडीने पाठवता येतील हे आम्हाला सुचलं नव्हतं, हे मान्य. पण जिथे गाडीच जात नाही तिथे काय, हे घाटमाथा यांनीच वर लिहिलंय.

सव्वापाच फूट
लिटर-लिटर काय करताय सगळे? पाठ मोजा आधी. मान पुढे झुकवली की खाली जो मोठा मणका हाताला लागतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. मला दुकानात "३५ सगळ्यांना चालते" म्हणून पुरुषी लांबीची सॅक गळ्यात मारली. कमरपट्टा मांड्यांवर यायचा, सगळं वजन खांद्यांवर. चौथ्या दिवशी खांदे सोलून निघाले, पट्ट्याखाली मोजे घालून चालले. लांबी बरोबर असेल तर ३२ लिटरही जाणवत नाही, चुकीची असेल तर २२ही नको होते. शिवाय काही कंपन्या बाहेरचे खिसे धरून लिटर सांगतात, काही नाही. लेबलवर विसंबू नका.

आणि रेनकव्हरवर तर मुळीच नाही. ग्रां कोल फेरेवर, इटली संपून स्वित्झर्लंड सुरू होतं तिथे, वाऱ्याने माझं कव्हर उडवून नेलं. तेव्हापासून सॅकच्या आत कचऱ्याची जाड काळी पिशवी.

घाटमाथा
पिशवीचं बरोबर आहे. पाठीचंही. ठीक, ४० मी जास्त सांगितलं असेन. पण जूनमध्ये जाणार आणि बिनरस्त्याचा एकही मुक्काम असेल तर ३२. त्याखाली नाही, आणि यावर मी वाद घालणार नाही.

पायवाट
बिनरस्त्याचे मुक्काम असतील तर ३२ला माझाही विरोध नाही. मी तो मुद्दा धरला नव्हता. पण एका नवख्या मुलीला ४० सांगून घाबरवायला नको होतं, एवढं तरी म्हणा.

घाटमाथा
सिंहगडाचं वाक्य नको होतं.

पहिलीच वेळ
प्रश्न माझाच होता. जुलैत जातोय, बोनातीला एकच रात्र, बाकी सगळीकडे गाडी पोचते. काल मैत्रिणीची ३० लिटरची सॅक आणली, पाण्यासकट सगळं भरलं, साडेसहा किलो झालं. आज पहाटे तीच घेऊन सिंहगड चढून आले. कमरपट्टा नीट बसला, खांदे दुखले नाहीत. आत अजून दोन मुठींची जागा आहे. तिथे आई थेपले देतेय, दोन दिवसांचे.

खाऊचा डबा
दोन दिवसांचे नाही, चार दिवसांचे घे. आणि बोनातीच्या रात्रीसाठी वेगळे बाजूला ठेव.