मदत हवी आहे: बास्केटबॉलमधला थ्री पॉइंटर रिंगपर्यंत पोहोचतच नाही

डीबाहेर:
डीच्या, म्हणजे तीन पॉइंटच्या कमानी रेषेच्या, बाहेरून मारलेला बॉल रिंगच्या आधीच पडतो. जवळच्या रेषेवरून मारायचे फ्री थ्रो बरे जातात. रविवारी जिल्ह्याचं सिलेक्शन आहे, प्लीज लवकर सांगा. 'प्रॅक्टिस कर' हे कोच रोजच सांगतात, ते नको.

चहाबाज:
भाऊ, वय? बॉल कुठला? शॉट एका हाताने की दोन्ही? नुसतं 'पोहोचत नाही' म्हटल्यावर आम्ही काय कप्पाळ सांगणार!

जुना_गार्ड:
जोर पायांतून येतो. गुडघे वाकवलेत की त्याच झोकात वर या, बॉल मध्ये थांबवू नका. कपाळाशी आणून क्षणभर धरला की पायांचा जोर तिथेच जिरतो, मग उरतं नुसतं मनगट.

बैठकवाला:
जोर-बैठका काढा. आमच्या वेळी कुणी व्हिडिओ बघून शिकत नव्हतं. हल्ली ज्याला त्याला तो थ्री पॉइंटरवाला स्टेफ करी व्हायचंय.

जुना_गार्ड:
करी जोर काढून करी झाला नाही. शाळेत असताना तो बॉल खालून सोडायचा. वडील स्वतः एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मोठी लीग, खेळलेले. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा रिलीज, म्हणजे बॉल सोडायची जागा, वर नेला. सुरुवातीचे काही आठवडे पोराला जरा लांबून बास्केट होईना. म्हणून रविवार तोंडावर असताना हाताचा फॉर्म बदलू नका.

बैठकवाला:
फॉर्मबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. नीट वाचा.

उंच_माझा_झोका:
बारला लटकल्याने उंची वाढते. माझ्या भाच्याची वाढली.

चहाबाज:
लटकून उंची वाढत नसते. आणि उंचीचं कुणी विचारलंय?

डीबाहेर:
मी भाऊ नाही, मुलगी आहे. वय १५. एका हाताने मारते. बॉल सोसायटीतला, ७ नंबर.

चहाबाज:
अगं, हे आधी सांगायचं ना! मुलींच्या मॅचला ६ नंबर असतो. ७ नंबर ५८० ग्रॅमच्या पुढे, ६ नंबर साधारण ५१० ते ५५०. बॉल बदल, प्रश्न मिटला.

जुना_गार्ड:
इतक्यात मिटत नाही. हलका बॉल रविवारी पहिल्यांदा हातात आला तर सगळे शॉट लांब जातील. आजपासूनच ६ नंबर घे. आणि रिंगच्या मध्याच्या बरोबर खालून टेप लावून डीची रेषा मोज, ६.७५ मीटर हवी. २०१० च्या आधी ६.२५ होती. जुन्या सिमेंटच्या कोर्टांवर अजून तीच दिसते, तिथे सराव केलास तर मॅचला अर्धा मीटर कमी पडणारच.

पार्किंगपीडित:
तुमच्याकडे रेषा तरी आहे. आमच्या रिंगखाली सेक्रेटरींची गाडी उभी असते. पत्रं देऊन थकलो.

डीबाहेर:
काका, ६ नंबर मैत्रिणीकडून आणते. पण बॉल उजवीकडेही जातो, त्याचं काय?

जुना_गार्ड:
हे आत्ता सांगतेस? डावा हात फक्त आधाराला, सोडताना त्याचा अंगठा बॉलला ढकलत असेल. समोरून व्हिडिओ काढून बघ. डावखुरी नाहीस ना? की तेही रविवारी सांगणार?