दोन फाळी जुना नांगर जमीन धरत नाही, बाजूला सरकतो. फाळ भरून घ्यावेत की बदलावेत?

मुरबाड_खाचर
स्थिर एमबी (मोल्डबोर्ड, म्हणजे माती उलटवणारं वाकडं पातं असलेला) नांगर आहे, पलटी नाही. दोन तळ (फाळ, मोल्डबोर्ड मिळून एक तळ), प्रत्येकी १२ इंच, ट्रॅक्टर ३९ एचपी. भात काढल्यावरच्या नांगरटीत ४ इंचांच्या खाली जात नाही. टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि नांगर जोडणारा वरचा दांडा) आखडली की पुढचा फाळ घुसतो, मागचा उचलतो. नांगर न नांगरलेल्या बाजूला सरकतो, त्यामुळे तासाची, म्हणजे नांगराने पडणाऱ्या चरीची, रुंदी कमीजास्त होते. मोल्डबोर्डवर गंज आहे, माती चिकटून बसते. फाळांची टोकं बोथट झाली आहेत, बोल्टची डोकी झिजली आहेत. वेल्डर म्हणतो टोक भरून देतो. नवीन घेणं बरं का?

तासरेघ
टॉप लिंकला हात लावू नका, आधी चूस मोजा, म्हणजे नांगराला जमिनीत ओढणारी फाळाखालची आणि बाजूची फट. नांगर सपाट फरशीवर ठेवा. फाळाच्या टोकापासून लँडसाइडच्या (तासाच्या भिंतीला घासत जाणाऱ्या पट्टीच्या) टाचेपर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत, सरळ पट्टी धरा, एकदा खालून, एकदा बाजूने. मधे, फाळ आणि लँडसाइडच्या जोडापाशी, खालून १ ते दीड सूत म्हणजे ३ ते ५ मिमी फट हवी. बाजूने साधारण ५ मिमी. खालची फट संपली की नांगर जमिनीवरून घसरत जातो. मग लोक वर दगड नाहीतर माणूस बसवतात. दगडाने फ्रेम वाकते, आणि माणूस पडला तर फाळाखालीच जातो.

सरकण्याचं कारण बहुतेक लँडसाइड. मोल्डबोर्ड माती उजवीकडे टाकतो, त्याचा उलटा रेटा तासाच्या भिंतीवर लँडसाइडने घ्यायचा असतो. मागच्या तळाची टाच सर्वात आधी झिजते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातली एमएस (साध्या मऊ पोलादाची) पट्टी भोकं पाडून लावली तरी काम होतं, पण ती लवकर झिजते. ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्याची पट्टी जास्त टिकते, मात्र तिला भोकं पाडताना ड्रिलचे बिट जातात.

मुरबाड_खाचर
मोजलं. पुढच्या तळाला खालून जेमतेम १ मिमी, मागच्याला फटच नाही. लँडसाइडची टाच गोल झाली आहे.

भट्टीवाला
मग फाळ बदलाच. एवढ्या झिजलेल्या फाळाला टोक भरलं तरी मूळ कोन परत येत नाही, आणि कडक केलेल्या फाळाला वेल्डिंगची उष्णता लागली की आजूबाजूचं पोलाद मऊ पडतं. भरायचंच असेल तर फाळ २०० अंशांच्या आसपास तापवून ७०१८ चा (कमी हायड्रोजनचा) वेल्डिंग रॉड वापरा. आपल्याकडच्या दमट हवेत हा रॉड ओल धरतो, तो ओव्हनमधून काढलेलाच हवा, नाहीतर तडा जातो. वेल्डिंग झाल्यावर पाणी मारायचं नाही. कोरड्या राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या. हार्डफेसिंग (झीज रोखणारा कडक वेल्डिंगचा थर) करायचं तर एकाच बाजूला. दुसरी बाजू आधी झिजते, म्हणून धार राहते. दोन्हीकडून मारलं की फाळ जाड आणि बोथटच होतो.

बोल्टची डोकी गेली असतील तर पाना लावत बसू नका. ग्राइंडरने नट उभा कापा. नवीन बोल्ट बुडत्या डोक्याचा, चौकोनी मानेचा, ८.८ ग्रेडचा. डोकं भोकात बसलं की हातोडीचा ठोका द्या, मग आवळा. १२ मिमीला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. तासभर नांगरून पुन्हा आवळा, पहिल्यांदा हमखास सैल होतात.

हे सगळं करताना नांगर हायड्रॉलिकवर टांगून ठेवू नका. खाली लाकडी ठोकळे द्या, आणि मगच खाली हात घाला.

लेव्हलबॉक्स
फाळ बदलल्यावर दोन तळ एका ओळीत आहेत का ते बघा. दोन्ही टोकांमधलं आडवं अंतर आणि दोन्ही टाचांमधलं आडवं अंतर सारखं हवं. दोन सुतांपेक्षा जास्त फरक असेल तर तळ फ्रेमला धरणारा पाय वाकलेला आहे किंवा त्याचा बोल्ट सैल आहे.

मग सेटिंग. पक्क्या सपाट जागी डावी दोन्ही चाकं ६ इंचांच्या ठोकळ्यावर चढवा, कारण नांगरताना उजवी चाकं तासात असतात. नांगर खाली टेकवून उजव्या लिफ्ट रॉडने (खालचा जोडदांडा उचलणाऱ्या रॉडने) फ्रेम आडवी समतल करा, पुढून-मागून समतल टॉप लिंकने. लिंक आखूड केली की टोक खाली जातं, लांब केली की टाच. चेक चेन (नांगराचं आडवं हलणं रोखणारी साखळी) नांगरताना थोडी ढिली, रस्त्यावर ताठ.

नांगर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनाही मापा, त्यांचे मापाप्रमाणे वर्ग (कॅटेगरी) असतात. कॅटेगरी १ ची खालची पिन २२ मिमी, कॅटेगरी २ ची २८ मिमी. जोडदांड्याच्या २८ च्या गोळ्यात २२ ची पिन बुशशिवाय घातलेली बरेचदा दिसते. तेवढ्या खेळानेही नांगर डोलतो.

खारीहवा_ऐरोली
मोल्डबोर्डवर ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (घासकागदी चकती) फिरवा, वेल्डिंगचे थेंब असतील तर घासून काढा. पुढच्या तोंडाला रंग कधीच लावायचा नाही. रंगावर माती अडकते. मग मुरमाड तुकड्यात थोडी तासं (चरी) मारली की आरशासारखा होतो. तरीही माती चिकटली तर वापसा (नांगरण्याजोगी ओल) आलेला नाही. मुठीत दाबलेला मातीचा गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला तर फुटला पाहिजे.

ठाणे पट्ट्यात पावसाळ्यात उघडं लोखंड आठवड्यात लाल होतं. शेवटच्या नांगरटीनंतर लगेच माती धुवा, कोरडं करा, मोल्डबोर्ड, फाळ आणि लँडसाइडला ग्रीसचा जाड थर द्या. नांगर पत्र्याखाली, फळीवर. जळकं ऑइल पावसाच्या थेंबांनी उतरतं आणि खाचरात जातं, ग्रीसच बरं.