मदत हवी आहे: नववीच्या मुलांना ऑनलाइन नोट्स शिकवायच्या आहेत, खातीच उघडत नाहीत

वर्गशिक्षिका
नमस्कार. जरा लवकर मदत हवी आहे. नववीच्या मुलांना ऑनलाइन नोट्स काढायला शिकवायचं ठरवलंय. गुगल कीप हे गुगलचं नोट्सचं अॅप निवडलं. मुख्याध्यापकांनी आठवड्याचे दोन तास दिलेत. संगणक कक्षात बसून मुलांची खाती काढायला घेतली, थोड्यांची झाली आणि मग "हा फोन नंबर वापरता येणार नाही" असं येऊन सगळं अडलं. माझा नंबर घातला, आमच्या सरांचा घातला, दोन्हींचं तेच. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांची खाती व्हायलाच हवीत. कीपच हवं असा हट्ट नाही, पण मराठीत लिहिता आलं पाहिजे आणि फुकट पाहिजे. "वहीच बरी" एवढं सांगायला कृपया लिहू नका.

डोंबिवलीकर
एका नंबरवर किती खाती काढायची याला गुगलची मर्यादा आहे. ती ओलांडली की तो नंबर पुन्हा चालत नाही. एकाच ठिकाणच्या नेटवरून भराभर खाती उघडली तरी पडताळणी मागतात. आता सांगा: मुलं किती? संगणक किती? मुलांकडे स्वतःचे फोन आहेत का? शाळा अनुदानित की खासगी? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

शिक्षक_पुणे
कीप सोडा, मायक्रोसॉफ्टचं वननोट घ्या. आमच्या शाळेत त्यातलं क्लास नोटबुक, म्हणजे वर्गाची सामायिक वही, वापरतो. शिक्षकांचं साहित्य एका भागात असतं, मुलांना ते फक्त वाचता येतं. प्रत्येक मुलाची स्वतंत्र वही असते, ती शिक्षकांना दिसते, दुसऱ्या मुलांना दिसत नाही. तिसरा भाग सगळ्यांनी मिळून लिहायचा. वह्या गोळा करून तपासायचं काम संपतं. कीपमध्ये फोल्डरसुद्धा नाहीत, नुसती लेबलं. दहा विषयांच्या नोट्स झाल्या की मुलांना काही सापडणार नाही.

डोंबिवलीकर
सर, क्लास नोटबुकला शाळेचं मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. त्यांचं साधं गुगलचं खातं निघेना, तुम्ही आणखी मोठं काम सांगताय.

सुवाच्य
वहीच बरी असं म्हणत नाही, पण एक विचार करा. 2014 साली मुलर आणि ओपेनहायमर या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत होते. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, म्हणून ते निवडून लिहीत होते, आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत तेच पुढे राहिले. दहावीचा बोर्डाचा पेपर हातानेच लिहायचा आहे. तीन तास लिहिण्याची सवय मोडली तर गुण कोण भरून देणार?

कोरीपाने
तो अभ्यास कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा आहे. 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. आणि आपल्याकडे मुलं हाताने लिहितात म्हणून निवडून लिहितात असं कुठं आहे? फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतात. सरकारने 2023 पासून पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली होती, दुसरी ते आठवीला, मुलांनी तिथंच नोंदी कराव्यात म्हणून. पुस्तकं चार भागांत केली. पुढे ते बंदही केलं. मी त्या काळात सहावीला शिकवत होतो. नोंद म्हणजे काय लिहायचं हे मुलांना कोणी दाखवलंच नाही, म्हणून बहुतेक पानं कोरी राहिली.

सुवाच्य
म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं ना? आधी नोंद शिकवा, साधन नंतर.

वर्गशिक्षिका
कृपया मूळ प्रश्नाकडे या. शाळा अनुदानित. नववीत 54 मुलं. संगणक 11, चालू 8. विंडोज 7 आहे. मुलांकडे फोन नाहीत, घरी एक असतो, वडिलांकडे. शाळेची वेबसाइट वगैरे काही नाही. आणखी काय हवं?

मुक्तप्रणाली
विंडोज 7 हीच खरी अडचण आहे. क्रोमची 109 ही 7 वर चालणारी शेवटची आवृत्ती, 2023 च्या सुरुवातीची. तेव्हापासून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत आणि त्याच ब्राउझरवर तुम्ही मुलांचे पासवर्ड टाकताय. आठही संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं बॉस लिनक्स आहे, भारतीय भाषांचा आधार आहे, जुन्या मशीनवर चालतं. मग खात्यांची गरजच नाही. प्रत्येक मुलाचं एक फोल्डर आणि त्यात साध्या मजकुराच्या फायली. कुठल्याही कंपनीच्या दारात उभं राहायला नको.

डोंबिवलीकर
ऑनलाइन हवंय त्यांना. फोल्डर शाळेतल्या संगणकात राहणार.

मुक्तप्रणाली
पेन ड्राइव्हवर नेता येतं.

डोंबिवलीकर
घरी संगणक असेल तर ना. ताई, तूर्तास क्रोमऐवजी फायरफॉक्स ब्राउझरची 115 ईएसआर आवृत्ती घाला, ती 7 वर चालते. बाकी नंतर बघू.

सायली_आई
माझ्या मुलीने अकरावीला नोट्ससाठी टॅब मागितलाय. पेन सोबत मिळतो असा कोणता घ्यावा? बजेट 25 हजार.

गोदातीर
वेगळा धागा काढाल का? इथे हरवेल.
वर्गशिक्षिका, एक विचारू? दिवाळीआधीच का? दुसऱ्या सत्रात निवांत केलं तर काय बिघडतं?

वर्गशिक्षिका
दिवाळीनंतर मुलं राहत नाहीत ना. आमचा तालुका बीड जिल्ह्यातला. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात, वर्ग निम्मा होतो. आईवडील ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, काही कर्नाटकात. आठवीपर्यंतच्या मुलांना हंगामी वसतिगृहाचा तरी आधार असतो. नववीतली मुलं आजीजवळ राहतात नाहीतर सोबत जातात, मुली जास्त. जाऊन कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक, धाकट्यांना सांभाळणं. पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर. त्यांच्या वह्या ऑक्टोबरला थांबलेल्या असतात. म्हणून ऑनलाइन. वर्गात राहिलेल्या मुलांनी रोजच्या नोट्स लिहायच्या आणि गेलेल्यांनी तिथून त्या वाचायच्या, प्रश्न विचारायचे. त्यासाठी जाण्याआधी हातात सवय बसायला हवी.

गोदातीर
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सगळा प्रश्न बदलला. संगणक कक्ष फक्त शिकवण्यापुरता. खरं वाचन वडिलांच्या फोनवर, रात्री, टोळी परतल्यावर आणि चार्जिंग असेल तर. म्हणजे नेट नसताना उघडणारं आणि कमी डेटा खाणारं हवं. या दोन्हींत कीप चांगलं आहे. अँड्रॉइडवर एकदा आलेली नोट नेटशिवाय वाचता येते, लिहिताही येते, रेंज आली की जुळून जाते. फळ्याचे फोटो मात्र टाकू नका, मजकूर टाका. एका फोटोच्या डेटात मजकुराच्या शेकडो नोट्स जातील.

अंबाजोगाईकर
संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, तुमच्या तालुक्यात जागा आहे का बघा. मुलं इथं राहिली तर या नोट्सच्या खटाटोपाची गरजच उरणार नाही.

वर्गशिक्षिका
अर्ज केलेत. मुलांना पाठवतात, मुलींना पाठवत नाहीत. मी नोट्सबद्दल विचारतेय.

बावनकोयते
मी ऊसतोड घरातला. दहावीच्या वर्षी सोबत गेलो होतो, आता नोकरीत आहे. दोन गोष्टी सांगतो. फोन बापाचा असतो आणि त्यावर टोळी नेणाऱ्या मुकादमाचे फोन येतात, त्यामुळे तो पोरीच्या हातात अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. त्या अर्ध्या तासात काय वाचायचं ते वरतीच दिसलं पाहिजे. दुसरं, व्हॉट्सअॅप प्रत्येक फोनवर आहे. नवीन अॅप, नवीन खातं, पासवर्ड कशाला? वर्गाचा ग्रुप करा, नोट्स तिथं टाका.

डोंबिवलीकर
ग्रुपमध्ये नोट्स वाहून जातात. गतीचे नियम सोमवारी टाकले, गुरुवारी त्यावर शंभर शुभ सकाळ. शिवाय वडिलांनी फोन बदलला आणि बॅकअप नसेल तर सगळं गेलं. कीपमधलं खात्यात राहतं, कोणाच्याही फोनवर उघडतं.

बावनकोयते
खातं कोणाच्याही फोनवर उघडायला पासवर्ड आठवावा लागतो, आणि नवीन फोन म्हटलं की ओटीपी. मॅडमच्या नंबरवर खाती काढलीत ना? मग पोरगी कर्नाटकात जमखंडीला आणि ओटीपी मॅडमच्या फोनवर. फडात रेंज नाही, मॅडम तासावर. झालं बंद.

गोदातीर
हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वर्गशिक्षिका, तुमचे नंबर अडले ते बरंच झालं म्हणायचं. यातून नीट वाट म्हणजे गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, म्हणजे शाळांसाठीची गुगलची खाती, यातली फंडामेंटल्स ही मोफत योजना. शाळेच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लागतं, साधं .in वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. अर्ज शाळेच्या नावाने करायचा, मान्यतेची कागदपत्रं आणि शाळेचा सरकारी यू-डायस क्रमांक हाताशी ठेवा. मंजुरी लगेच मिळत नाही, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. मग 54 मुलांची यादी एका फाइलने चढवायची. प्रत्येकाला फोन नंबर द्यावा लागत नाही. पासवर्ड विसरला तर तुम्ही बदलून देऊ शकता. कीप त्यात आहेच.

नोंदणीकृत
अल्पवयीन मुलांची गुगल खाती काढणं कायद्यात बसतं का ते आधी बघा. नसता ताप होईल.

गोदातीर
वैयक्तिक खात्याला गुगलची वयाची अट 13 आहे, नववीची मुलं त्यापुढची आहेत. पण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 खालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि पालकांच्या संमतीवर भर दिलाय. म्हणून पालकांची लेखी संमती घ्याच. शाळेच्या खात्यांसाठी गुगलही शाळेकडून तीच अपेक्षा ठेवतं. पालक टोळीत जायच्या आधी सह्या घ्या, नंतर कुठं शोधणार?

सुवाच्य
मी पहिल्यांदा विरोधात लिहिलं, पण कारण कळल्यावर काही उपयोगी सांगावंसं वाटतं. नोट लिहिणाऱ्या मुलांना कॉर्नेल पद्धत शिकवा. 1950 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रूढ केली. पानाच्या डावीकडे अरुंद पट्टीत प्रश्न, उजवीकडे टिपणं, तळाला दोन ओळींत सार. कीपमध्ये पट्ट्या पडत नाहीत, तर क्रम बदला: वर तीन प्रश्न, खाली उत्तरं. धाराविद्युत घ्या. "रोध वाढला तर धारेचं काय होतं?" हा प्रश्न वर. कोपीवरची मुलगी आधी प्रश्न वाचेल, मनात उत्तर देईल, मग खाली सरकेल. नुसतं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून बघितल्याने जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलंय. तिने उत्तर वहीत हातानेच लिहावं, एवढा माझा आग्रह कायम आहे.

कोरीपाने
याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि नोट आळीपाळीने लिहू द्या, रोज दोन मुलं. हुशार मुलांवरच टाकाल तर तीच दोन मुलं वर्षभर कारकुनी करतील.

शिक्षक_पुणे
मराठी टायपिंगचं काय? आमच्या मुलांनाच जड जातं.

डोंबिवलीकर
फोनवर जीबोर्ड या गुगलच्या कळफलकात मराठी बोलून लिहिता येतं, रोमन अक्षरांतूनही येतं. विंडोज 7 वर उच्चारानुसार लिहायचा फोनेटिक कळफलक नाही, तो विंडोज 10 ला 2019 मध्ये आला. शाळेत इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक शिकवा, तो 7 मध्ये आहे. तुमच्याकडच्या जुन्या नोट्स श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर चिकटवू नका, फोनवर नुसती चिन्हं दिसतील.

वर्गशिक्षिका
सगळ्यांचे आभार. मुख्याध्यापकांशी बोलले. डोमेनचे पैसे माजी विद्यार्थी देतायत, अर्ज उद्या भरतो. संमतीपत्रं शनिवारच्या पालकसभेत. मंजुरी दिवाळीआधी नाही आली तर? आणि चार मुलींच्या घरी साधा बटणाचा फोन आहे, त्यांचं काय करू?

बावनकोयते
मंजुरी येईपर्यंत ज्या पालकांचे स्मार्टफोन आहेत त्यांच्याच नंबरवर, त्यांच्याच फोनवर खातं काढा. पालकसभेत सगळे येणारच आहेत. त्या चार मुली कोणत्या कारखान्याला जातात ते विचारा. एका टोळीत दहा-बारा कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, असतात, कोणाकडे तरी फोन असतोच. वर्गातली दुसरी मुलगी त्याच टोळीत असेल तर दोघींची जोडी लावा.

गोदातीर
आणि कीपमधली नोट गुगल डॉक्समध्ये पाठवता येते, तिथून छापा. आठवड्याच्या नोट्स दोन पानांत बसतात. गावाकडून टोळीकडे कोणी ना कोणी जात असतं, त्यांच्या हाती द्या.

वर्गशिक्षिका
जोडीचं सुचलंच नव्हतं. शनिवारी प्रत्येक पालकाला कारखान्याचं आणि मुकादमाचं नाव विचारून यादी करते. डोमेनचं नाव ठरलं की सेटिंगसाठी गोदातीर, तुम्हाला निरोप टाकेन.

गोदातीर
टाका. डोमेन घेतलं की ते शाळेचंच आहे हे गुगलला पटवायला त्यात टीएक्सटी नोंद घालावी लागेल, ती मी फोनवर बसून करून देतो.