जांभळ्या बेडकाला राज्याचा मान: द्यावा की नको?

घाटवाटा: केरळात एक मागणी अधूनमधून डोकं वर काढते: जांभळ्या बेडकाला राज्य-उभयचर करा. माझा पाठिंबा. गोळ्यासारखं फुगीर अंग, डुकरासारखं टोकदार नाक, माती उकरायला मागच्या पायांवर टणक गाठी. वर्षभर जमिनीखाली, तिथेच वाळवी खायची. पावसाच्या तोंडावर मोजक्या रात्री वर यायचं, ओढ्याकाठी अंडी घालायची की पुन्हा आत. म्हणून त्याला 'महाबली बेडूक' म्हणावं असंही सुचवलंय. ओणमला पाताळातून वर येणारा राजा तो, आणि पाडव्याला आपण 'इडा पीडा टळो' म्हणतो तोही हाच बळी!

तिरकस: मान देऊन काय होतं? २०१५ मध्ये आपण ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. स्पर्धा परीक्षेत एका मार्काचा प्रश्न वाढला, बाकी काय? इथे तर उलटं होईल. वर येण्याच्या चार रात्री, आणि तेव्हाच ओढ्यावर टॉर्च-कॅमेरेवाल्यांची जत्रा.

सोनकी: भाबडा प्रश्न. याच्या शास्त्रीय नावात 'सह्याद्रेन्सिस' आहे, मग आपल्या घाटात सापडतो का? मी दोन पावसाळे शोधलाय. 🙈

घाटवाटा: @सोनकी, नाही हो. सह्याद्री म्हणजे फक्त महाराष्ट्र नव्हे. २००३ मध्ये बिजू आणि बॉस्यूट या शास्त्रज्ञांनी केरळातल्या इडुक्कीच्या बेडकावरून ही जात जगापुढे आणली. जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर! दहा कोटी वर्षांहून जुनी ताटातूट. @तिरकस, असा प्राणी लोकांना माहीतच नसेल तर त्याच्यासाठी भांडणार कोण?

पाणकळा: दोघंही मोठ्या बेडकाबद्दलच बोलताय. तो जमिनीखाली बऱ्यापैकी सुरक्षित असतो. खरी गंमत (आणि धोका) पिल्लांची. यांच्या टॅडपोलचं तोंड चोखणीसारखं असतं. धो धो वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून शेवाळ खरवडत ती तीनेक महिने काढतात. इडुक्कीत काही आदिवासी ती खडकावरून वेचून खातात. मान द्यायचा तर आधी हे वेचणं थांबवा.

तिरकस: वा! वेलदोडे-कॉफीसाठी जंगल तोडलं ते मळेवाले मोकळे, आणि पिढ्यान्‌पिढ्या मूठभर पिल्लं खाणारा आदिवासी गुन्हेगार?

पाणकळा: गुन्हेगार कोण म्हणालं? पण जो बेडूक वर्षातून एकदाच अंडी घालतो, त्याच्या ओढ्यातून दर पावसाळ्यात पिल्लं उचलली तर फरक पडणारच. त्या लोकांशी बोलूनच ठरवावं लागेल, फलक लावून नाही. मळ्यांबद्दल मात्र मान्य.

सोनकी: आणि २०१७ मध्ये श्रीविल्लीपुत्तूरकडून याचा भाऊबंद, 'भूपती' नावाची दुसरी जात, नोंदला गेला. तो तमिळनाडूचा. मग केरळने मान दिला तर तमिळनाडू गप्प बसेल?

तिरकस: बसूच नये. त्या भांडणात निदान दोन-चार ओढे वाचले, तर माझा विरोध मागे.