आयर्लंडमध्ये लोहाराला लोक भ्यायचे म्हणे, खरंय का?

भातेवाला, सोलापूर: आमचं लोहारकाम आजोबांपासूनचं. खंडेनवमीला ऐरणीला हळद-कुंकू लावलं की त्या दिवशी घण उचलायचा नाही. बाकी वर्षभर आम्हाला कोण भितंय? पण एक गिऱ्हाईक सांगत होतं, आयर्लंडमध्ये भ्यायचे. कुणाला माहितंय?

जुनी वही: खरंय. आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक, त्याच्या नावच्या जुन्या प्रार्थनेत बायका, लोहार आणि द्रुइड (तिथले जुने पुरोहित) यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितलंय! लोहारानं ऐरण फिरवत शाप दिला की तो लागतोच, अशी समजूत. उलट तापलं लोखंड विझवायच्या कुंडीतलं पाणी चामखिळीवर औषध. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या शाळेतल्या पोरांनी म्हाताऱ्यांकडून असलं बरंच वहीत उतरवून घेतलं.

काकू: तिथल्या पऱ्याही लोखंडाला भितात. आपल्याकडं बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवतात, तसलंच की.

भातेवाला, सोलापूर: आमच्या कुंडीत बिडीची थोटकं तरंगत्यात काकू, चामखीळ राहू दे, हात सुजंल. ऐरण मात्र फिरवून बघतो. दोघं लागतील उचलायला. उधारीवाल्यांची यादी तयारच आहे.