वेडरची पानं वेगळी मोजा की!

‘स्टार वॉर्स’च्या कॉमिकवर तुम्ही लिहिलंत, ‘चेहरे सिनेमातल्या नटांबरहुकूम काढलेत, त्यामुळं चित्रात जीव नाही’, ते म्हणणं निम्मं पटलं बघा. मार्व्हलच्या २०१५ च्या ‘स्टार वॉर्स’ कॉमिकचा पहिला अंक कालच रंकाळ्यावर बसून संपवला. हॅन सोलो या पात्राच्या चेहऱ्यावर चित्रकार जॉन कॅसडेचा हात अवघडतो, हे खरं. पण मुखवटेधारी खलनायक डार्थ वेडर येतो ती पानं बघा की राव! मुखवटाच असल्यावर हुबेहूबपणाची भानगडच नाही, नुसत्या उभं राहण्यात दरारा. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावातला, कोल्हापूरचा, असल्यानं पोस्टरच्या अंगानं बघायची खोड आहे म्हणा हवं तर.

मार्व्हलच्याच जुन्या ‘स्टार वॉर्स’ कॉमिकचा १९७७ चा पहिला अंक हॉवर्ड चेकिननं चितारला आणि तो सिनेमा लागायच्या आधीच बाजारात आला होता. तिथं चेहरे नटांना न बांधलेले, मोकळेच आहेत, ते चालतात मला.

२०१५ च्या अंकातली जेसन आरनची कथा मात्र चोख. डेथ स्टार हा वेडरच्या बाजूचा महाकाय अंतराळतळ नुकताच उडालाय, नायक ल्यूक आपला मुलगा आहे हे वेडरला अजून ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे, म्हणून दोघं जवळ आले की पान उलटताना हात थांबतो. ड्रॉइडांचे, म्हणजे यंत्रमानवांचे, विनोद जुनेच, सोडून द्या.

आणि मोबाइलवर वाचू नका, दोन पानांवर पसरलेली चित्रं पार चिरडतात.